पाण्याची मोटार आणि माझी नजर

मी चोराला पाहिलं होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या अख्ख्या सोसायटीत त्याला पाहणारा मी एकटाच होतो आणि पुढे जे रामायण घडलं ते त्या एका पाहण्यामुळे घडलं.

आता लोकांचं पाहणं वेगळं आणि माझं पाहणं वेगळं. मी मल्लिनाथ कलशेट्टी. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. तुम्हाला माणसाचं नाक दिसतं, मला नाकाचा कोन दिसतो. पंधरा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी मी नवी पेठेतल्या गर्दीत नुसत्या कानावरून ओळखतो. (मला पाहून तो पलीकडच्या बाजूला जातो, म्हणजे तोही मला ओळखतो.)

जुळे सोलापुरात आमची ‘बसवसृष्टी’ सोसायटी आहे. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. नळाला पाणी चार दिवसांआड, तेही करंगळीएवढं. त्यामुळे पाणी ओढायची मोटार म्हणजे घरातला कर्ता पुरुष. तळमजल्यावरच्या संगप्पा बिराजदारांची असली नवीकोरी मोटार दोनेक वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात, भर दुपारी तीन वाजता चोरीला गेली. त्या वेळी मी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसलो होतो. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सिद्धेश्वरीने, कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकायची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या जबाबदारीतून मान वर केली तेव्हा एक माणूस खांद्यावर पोतं घेऊन फाटकातून बाहेर पडताना मला दिसला. पाच मिनिटांनी खालून संगप्पांची आरोळी आली.

सगळी सोसायटी खाली धावली. नळाच्या खड्ड्याभोवती कडं करून सगळे उभे राहिले. तेवढ्यात अभिमन्यू घाडगे आले. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. रोज टीव्हीवर गुन्ह्यांचा कार्यक्रम न चुकता पाहतात, म्हणून सोसायटीचं कायदा खातं त्यांच्याकडे असतं.

“कोण हात लावू नका!” ते ओरडले. “ठसे हायत.”

मग त्यांनी घरातून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणला आणि पाइपवर रिकामा केला. ठसे उमटले, पण ते उरलेल्या अकराही बिऱ्हाडांचे असावेत, कारण तोवर प्रत्येकाचा “हितं हुती का मोटार?” असं विचारून पाइपला हात लावून झाला होता. नंतर तळमजल्यावरच्या मल्लव्वा आल्या आणि पावडर सांडलेली बघून त्यांनी ती जागा स्वच्छ धुऊन काढली.

“आता पोलिसात जाऊ या,” मी म्हणालो.

“लगीच न्हाय जायचं, सर,” अभिमन्यूंनी मला अडवलं. “चोवीस तास जाऊ द्यावे लागत्यात. त्याशिवाय तक्रारच घेत न्हाईत. कायदाच हाय तसा.”

“मोटार काय रुसून गेलीय व्हय, सांजच्याला परत यायला?” सिद्धेश्वरी म्हणाली. पण तिचं कुणी मनावर घेतलं नाही. कायद्याच्या बाबतीत आमच्या सोसायटीत भावनेला थारा नाही.

त्या चोवीस तासांचा आम्ही पुरेपूर उपयोग केला. जिन्यात खुर्च्या टाकून चोराची चर्चा केली. चोर म्हणजे परगावचाच असणार, यावर एकमत झालं. दाढी असणार, हेही अभिमन्यूंनी ठरवलं. मल्लव्वा म्हणाल्या, “गालावर वण हुता की रे, यप्पा! मी दारातच बसल्याली, बघितले की मी.” मल्लव्वांना मोतीबिंदू आहे आणि त्या गॅसवाल्याला कितीदा तरी ‘गुरुजी’ म्हणून आत बोलावतात, हे मला माहीत होतं. पण त्या बोलल्या आणि मला तो वण लख्ख आठवला. डाव्या गालावर, चांगला दोन बोटं. आधी आठवत नव्हता हे खरं, पण आठवण कधी कधी झोपलेली असते, तिला कुणीतरी हलवून उठवावं लागतं. निदान तेव्हा माझं मत असं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातजण पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार बुद्धप्रिया वाघमारे म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काल का नाही आलात?”

“चोवीस तास व्हायचे होते ना,” संगप्पा म्हणाले.

“असं कुणी सांगितलं? चोरी झाली की त्याच मिनिटाला यायचं. माणूस हरवला तरी थांबायचं नसतं.”

आम्ही सगळ्यांनी अभिमन्यूंकडे पाहिलं. अभिमन्यूंनी भिंतीवरच्या हरवलेल्या माणसांच्या फोटोंकडे पाहिलं.

“चोराला पाहिलं कुणी?”

“मी,” मी म्हणालो. हा ‘मी’ मी असा काही उच्चारला, की कोपऱ्यातला हवालदारसुद्धा लिहिता लिहिता थांबला.

माझा जबाब लिहून झाल्यावर मी खिशातून शाईचं पेन काढलं. माझी सही पाहण्यासारखी आहे. शाळेत मुलं ती गिरवायची.

“सही नको, सर,” बाई म्हणाल्या.

“नको?”

“साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत.”

आता एवढ्या जबाबदार माणसाची सही नको म्हणणारा कायदा कुणी केला असेल, याचा मी आजही विचार करतो. तो अपमान भरून काढायला मी म्हणालो, “मग मी चोराचं चित्रच काढून देतो.” त्या नको म्हणायच्या आत मी कोरा कागद ओढून घेतला होता. दहा मिनिटांत चित्र तयार झालं. रुंद जबडा, खोल डोळे, राकट दाढी, डाव्या गालावर वण. खाली तारखेसह अशी ठसठशीत सही ठोकली, की जबाबावरच्या सहीची कसर भरून निघाली. चित्र उत्तम उतरलं होतं. संगप्पा म्हणाले, “सर, ह्येला बघून तर म्हशीबी दूध देणार न्हाईत.”

अभिमन्यूंनी त्या चित्राचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि चोर सगळीकडे दिसायला लागला. पहिल्या दिवशी तो गॅसवाला होता, दुसऱ्या दिवशी विम्याचा एजंट. तिसऱ्या दिवशी संगप्पांचा मेव्हणा शरणबसव, दुधनीचा तुरीचा व्यापारी, बहिणीसाठी डाळीचं पोतं घेऊन आला. दाढी होती आणि खांद्यावर पोतं होतं! चोरीनंतर नव्याने ठेवलेल्या वॉचमनने त्याला फाटकातच धरून ठेवला. संगप्पांच्या मंडळींनी त्यानंतर दोन आठवडे सिद्धेश्वरीशी बोलणं टाकलं. आणि सिद्धेश्वरीने माझ्याशी.

चौथ्या दिवशी पोलिसांनी जोतिरामला धरला. हा भंगारचा हातगाडा घेऊन आमच्या भागात फिरायचा. चोरीच्या दुपारी त्याचा गाडा आमच्या कोपऱ्यावर उभा असलेला दुकानदाराने पाहिला होता. शिवाय दाढी होती. मोटार मात्र सापडली नाही.

“मोटार न्हाई सापडली तर न्हाई,” अभिमन्यू म्हणाले. “पोलिसांनी धरलं म्हंजी तोच. उगं कोण कुणाला धरतंय? आन् कबूल बी केलंय म्हणं त्यानं. केस संपली.”

केस संपली नव्हती. महिन्याभरात मला ओळख परेडसाठी तुरुंगात बोलावलं. नायब तहसीलदारसाहेबांसमोर आठ माणसं ओळीने उभी होती. पेपर तपासायच्या वेगाने मी रांगेवरून नजर फिरवली आणि पाचव्या माणसापुढे थांबलो. जबडा तोच, दाढी तीच. गालावर वण दिसत नव्हता, पण वण बुजतात. मी बोट दाखवलं. एकूण वेळ तीन सेकंद. साहेबांनी विचारलं, “खात्री आहे?” मी म्हणालो, “साहेब, एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?”

पुढच्या आठवड्यात जोतिराम जामिनावर बाहेर आला आणि सोसायटीत शोककळा पसरली. “सुटला!” “वशिला आसंल!” मी स्वतः बुद्धप्रियाबाईंना फोन करून जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, जामीन म्हणजे सुटका नाही. खटला अजून उभाच राहायचाय. गुन्हा शाबीत होईपर्यंत कुणाला आत का ठेवायचं?” मी म्हणालो, “पण मी ओळखलंय ना!” त्यावर त्या ‘बरं, सर’ एवढंच म्हणाल्या. ते ‘बरं’ मला आदराचं वाटलं.

दीड वर्षाने समन्स आलं. साक्षीदार क्रमांक दोन. मी अबोली रंगाचा शर्ट कडक इस्त्री करून घातला. गीतेवर हात ठेवायचा म्हणून घरातून निघताना दोनदा साबणाने हात धुतले. अभिमन्यूंनी ताकीद दिली होती, “आरोपीचा वकील टेबलावर हात आपटील, वरडंल. न्यायाधीश हातोडा मारतील. घाबरायचं न्हाय.”

साडेदहाला कोर्टात पोचलो. पुकारा व्हायला वेळ होता. व्हरांड्यातल्या बाकावर एक चाळिशीचा माणूस बसला होता. स्वच्छ दाढी केलेली, पांढरा सदरा. मी शेजारी बसलो, तसा तो उठायला लागला.

“मी तिकडं बसतो, सर.”

“अहो बसा हो! दोघांना पुरेल एवढा बाक आहे,” मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवला. “तुमचं काय काम?”

“तारीख हाय.”

“माझी साक्ष आहे. चोरीची केस.” त्याला माहिती असावी म्हणून मी सगळं सविस्तर सांगितलं. नजर कशी तयार होते, चोराचा जबडा कसा असतो, मी तीन सेकंदांत कसा ओळखला. तो खाली मान घालून ऐकत होता. मधे एकदा त्याने पुन्हा उठायचा प्रयत्न केला, पण इतका चांगला श्रोता मला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता, मी उठू दिलं नाही. शेवटी तोच म्हणाला, “सर, वकीलसाहेबांनी सांगितलंय, साक्षीदाराशी बोलायचं न्हाय.”

“बरोबर आहे! नकाच बोलू,” मी म्हणालो. “मी तुमचं चित्र काढतो.”

पिशवीत माझी वही कायम असते. बारा वाजेपर्यंत निवांत चित्र काढलं. फार वेगळा चेहरा होता. हनुवटी निमुळती, भुवया पातळ, डोळे जरा थकलेले, उजव्या कानाच्या पाळीला लहानशी खाच. खाली सही केली, तारीख घातली आणि पान फाडून त्याला दिलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं. मग घडी न घालता दोन्ही हातांत सांभाळून धरून तो आत वकिलांकडे गेला. मला वाटलं, कौतुकाने दाखवायला नेलं.

पुकारा झाला. आत गीता नव्हती. देवाची शपथ तोंडी घ्यायची होती, माझे धुतलेले हात वाया गेले. हातोडाही नव्हता. न्यायाधीश म्हणून बसलेल्या बाई हळू आवाजात मजकूर सांगत होत्या आणि शेजारी एकजण तो टाइप करत होता. आमच्या शाळेच्या ऑफिसात याहून जास्त आरडाओरडा असायचा. एवढ्यात कुणीतरी म्हणालं, “आरोपी जोतिराम, पुढं या.”

आणि माझ्या बाकावरचा माणूस उठून आरोपीच्या जागी जाऊन उभा राहिला.

मी पिंजऱ्याचा कठडा धरला. दीड तास! दीड तास मी त्या चेहऱ्याची रेघ न् रेघ पाहिली होती. दाढी नव्हती, एवढाच काय तो फरक. एकतीस वर्षांच्या नजरेला दाढीपलीकडचं काहीच ओळखू आलं नव्हतं.

सरकारी वकिलांनी सगळं क्रमाने विचारलं आणि शेवटी म्हणाले, “तुम्ही पाहिलेला इसम आज कोर्टात आहे का?”

उत्तर सोपं होतं. आरोपीच्या जागी एकच माणूस उभा होता. मागच्या बाकावर संगप्पा आणि अभिमन्यू माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडून “हो” निघालं. तो ‘हो’ माझाच होता, पण आवाज सोसायटीचा होता.

मग आरोपीचे वकील उठले. रत्नदीप बनसोडे, सरकारने मोफत दिलेले. मोफत वकील म्हणजे नुसता सही करायला येणारा, अशी माझी समजूत होती. हे मात्र फाइल पाठ करून आले होते, आणि ओरडले तर अजिबात नाहीत.

“सर, हे चित्र तुमचं?” त्यांनी पोलिसांकडचं चित्र दाखवलं.

“हो.”

“आणि हे?” त्यांनी सकाळचं पान पुढे केलं. “खाली आजची तारीख आहे.”

“माझंच.”

“ही दोन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत का?”

माझ्या आयुष्यात इतका वाईट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. हो म्हणावं तर मी चित्रकार नव्हे. नाही म्हणावं तर मी साक्षीदार नव्हे. मी दोन्ही कागद घेतले आणि शेजारी शेजारी धरले. चुकलेल्या मुलाच्या वहीकडे पाहायचो तसा पाहत राहिलो. पहिल्या चित्रात जबडा मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो त्या राक्षसाचा होता, दाढी अभिमन्यूंची होती, वण मल्लव्वांचा होता. माझी होती ती फक्त सही.

वर पाहिलं तर जोतिराम माझ्याकडे पाहत नव्हता. तो त्या कागदाकडे पाहत होता.

“साहेब,” मी न्यायाधीशांना म्हणालो, “दुसरं चित्र मी समोर माणूस बसवून काढलंय, ते बरोबर आहे. पहिलं ऐकून काढलंय.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“त्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर होतो. माणूस फाटकाकडे चालला होता, म्हणजे माझ्याकडे त्याची पाठ होती. खांद्यावर पोतं होतं. मी पोतं पाहिलं. चेहरा पाहिलाच नाही. परेडमध्ये मी ओळखलं ते माझं चित्र.”

मागे अभिमन्यू जोरात खोकले. बाईंनी माझं वाक्य जसंच्या तसं सांगून टाइप करून घेतलं. सरकारी वकिलांनी मला फितूर साक्षीदार ठरवण्याची परवानगी मागितली. फितूर! ज्याने एकतीस वर्षं इतिहासाच्या शिक्षकांना किल्ल्यांची चित्रं फुकट काढून दिली, तो फितूर! पण खरं सांगतो, पिंजऱ्यातून खाली उतरताना पायांत जोर होता. अगदी घाबरलेल्या विद्यार्थ्याने तोंडपाठ उत्तर सोडून स्वतःचं लिहावं, तसं वाटत होतं.

सोसायटीत काय झालं ते विचारू नका. संगप्पांनी महिनाभर मला नमस्कार केला नाही. अभिमन्यूंनी ग्रुपवर लिहिलं की साक्षीदार फोडला गेला आहे. कबुलीजबाबाचं काय झालं, हा त्यांचा प्रश्न त्यांनी बनसोडे वकिलांना कोर्टाच्या जिन्यात गाठून विचारला. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे ऐकून त्यांनी दोन दिवस तो टीव्हीवरचा कार्यक्रम पाहिला नाही. घरी सिद्धेश्वरीने मात्र त्या संध्याकाळी न सांगता हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची गोड खीर, केली. 

निकालाच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. जोतिराम निर्दोष सुटला. बाहेर लिंबाच्या झाडाखाली तो बायकोबरोबर उभा होता. केराबाई म्हणून किडकिडीत बाई. तो आत होता ते चोवीस दिवस आणि पुढेही कितीतरी महिने गाडा तिनेच ढकलला होता. नवऱ्याचं नाव सगळीकडे झाल्यामुळे आमच्या भागात तिला कुणी भंगार देत नव्हतं. हे मला तिने सांगितलं नाही, बनसोडे वकिलांनी सांगितलं. ती नुसती माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेपुढे माझी नजर टिकली नाही.

“जोतिराम,” मी म्हणालो, “माझं चुकलं. पण मी खोटं बोललो नव्हतो हो. मला खरंच वाटत होतं.”

“ठावं हाय की, सर,” तो म्हणाला. “तुमी तवा बी खरंच बोलत हुता. तेचंच तर भ्या वाटतंय.”

मग दोघं गाडा घ्यायला निघून गेली.  

गेल्या महिन्यात सोसायटीने फाटकावर कॅमेरा बसवला. आठवड्याच्या आत मल्लव्वांच्या दारातली तांब्याची घागर गेली. या वेळी चोवीस मिनिटंसुद्धा न थांबता आम्ही ठाण्यात फोन केला. बुद्धप्रियाबाई आल्या. सगळे अभिमन्यूंच्या टीव्हीसमोर जमलो. पडद्यावर तीन सेकंद एक करडा ठिपका फाटकातून गेला. अभिमन्यूंनी त्यात पलीकडच्या गल्लीतला रंगारी ओळखला. संगप्पांना जुना वॉचमन दिसला. “मोठं करून बघा, चेहरा स्वच्छ दिसंल,” असंही कुणी सुचवलं. मोठं केल्यावर मोठा करडा ठिपका दिसला, तर त्यात मल्लव्वांना पुन्हा वण दिसला.

“सर, तुमी सांगा,” संगप्पा म्हणाले. ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले होते. “काय म्हणलं तरी तुमची नजर.”

मी चष्मा पुसला. चित्रण तीनदा पाहिलं. मग वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या जुन्या आवाजात, पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो, “एक माणूस आहे. कोण आहे ते मला ओळखता येत नाही.”

बुद्धप्रियाबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

“सर,” त्या म्हणाल्या, “नोकरीला नऊ वर्षं झाली. असा जबाब मी पहिल्यांदाच लिहितेय.”